नवीन हॅमस्टर चावतोय, हातात येत नाहीये, काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नऊ वर्षांच्या मुलीच्या वाढदिवसाला सीरियन हॅमस्टर आणला, दहा दिवस झाले, दिवसभर त्याच्या छोट्या घरात दडून बसतो. दुपारी शाळेतून आल्यावर लेकीने त्याला घरातून उचलायला हात घातला तर बोटाला रक्त येईपर्यंत चावला. दुकानवाला म्हणतो रोज धरत जा, आपोआप सवय होईल, शेजारचे म्हणतात जाड ग्लोव्हज घाला, आणि घरात कोणीतरी म्हणतंय की एकटा आहे म्हणून चिडतो, जोडीदार आणा. आता परत देऊन दुसरा शांत बघून आणायचा का याचीच माणसाळवायची खटपट करायची?

परत देऊ नका. हा बहुतेक माणसाळेल, सीरियन तर सगळ्यात सोपे. पण आधी बोटाचं बघा. वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम चांगली धुवायची, हळद वगैरे भरत बसू नका, आणि डॉक्टरांना एकदा दाखवा, मुलीचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय आणि अजून काही लागेल का ते तेच सांगतील. बोट सुजलं, ठणकायला लागलं किंवा ताप आला तर वाट बघू नका.

आता चावला का. तुमच्या वर्णनात तीन गोष्टी एकदम झाल्यात. तो गाढ झोपेत होता, हात वरून आला, आणि तो हात थेट त्याच्या घराच्या आत शिरला. तुम्ही दुपारी झोपलायत आणि कोणीतरी छप्पर काढून तुम्हाला कमरेला धरून उचललं तर तुम्ही पण चावाल. हॅमस्टर संध्याकाळनंतरचा प्राणी आहे, दुपारचे दोन म्हणजे त्याची मध्यरात्र. त्याला दिसतं फार कमी, जवळचं सुद्धा अंधुक, त्याचं सगळं चालतं वासावर, मिशांवर आणि कानांवर. वरून येणारी सावली म्हणजे त्याच्या डोक्यात एकच अर्थ, घुबड किंवा ससाणा. साधारण सव्वाशे ग्रॅमचा जीव तो, आपण त्याच्या पाचशेपट. यात स्वभाव वाईट असण्याचा प्रश्नच येत नाही.

अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. कुत्रा माणसाबरोबर हजारो वर्षं राहतोय, हॅमस्टरला अजून शंभर वर्षं पण झाली नाहीत. 1930 साली सीरियात अलेप्पोजवळ गव्हाच्या शेतात खोल बीळ खणून इस्रायल अहारोनी नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने एक मादी आणि तिची अकरा पिल्लं बाहेर काढली, त्यातली पिल्लं जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात नेली, आणि आज जगभर घराघरात असलेले जवळपास सगळे सीरियन हॅमस्टर त्याच मूठभर पिल्लांचे वंशज आहेत. पकडल्यावर त्या मादीने घाबरून स्वतःचंच एक पिल्लू मारलं होतं. म्हणजे बिळात एकटं राहायचं, धान्य गालात भरून आणायचं, कोणी बिळात घुसलं तर चावायचं, हे सगळं तुमच्या हॉलमधल्या त्या गुबगुबीत प्राण्यात जसंच्या तसं आहे. त्याला आपण आवडावं असं काही त्याच्या रक्तात नाही, ते रोज थोडंथोडं कमवावं लागतं.

म्हणूनच दुकानवाल्याचा सल्ला मला अजिबात पटत नाही. रोज जबरदस्तीने धरलं तर काही दिवसांनी तो चावायचा थांबतो हे खरंय, पण तो थांबतो कारण त्याने हार मानलेली असते. हातात ताठ होऊन बसतो, डोळे मोठे, श्वास भराभर, आणि आपण म्हणतो बघा किती शांत झाला. सुटायची संधी दिसली की हातातून उडी मारतो, आणि त्याला उंचीचा अंदाज येत नाही, टेबलाच्या कडेवरून सरळ खाली पाऊल टाकतो. उभ्या माणसाच्या हातातून फरशीवर पडलेले, पाय मोडलेले हॅमस्टर मी भरपूर बघितलेत. आणि जाड ग्लोव्हज नकोच. त्यात तुम्हाला कळत नाही किती दाबताय आणि त्याला कळत नाही की हा कोणाचा हात, वास रबराचा किंवा चामड्याचा. तुम्हालाच भीती वाटत असेल तर पातळ कापडी मोजा हातावर चढवा, तो पण आधी एकदोन रात्री उशीत ठेवलेला, म्हणजे त्याला तुमचा वास लागतो.

माणसाळवायच्या आधी पिंजरा बघा, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी हॅमस्टरच्या नसतात, पिंजऱ्याच्या असतात. दुकानातून जो रंगीत तळाचा, तारेचा, नळ्या लावलेला पिंजरा देतात तो बहुतेक वेळा फारच लहान असतो आणि त्यातलं चाक उंदराच्या पिल्लाच्या मापाचं. तारा कुरतडत बसतो, एकाच कोपऱ्यात वरखाली करतो, हात घातला की अंगावर येतो, ही सगळी जागा अपुरी पडल्याची लक्षणं. महागडं काही आणायची गरज नाही. कपडे ठेवायचा मोठ्यात मोठा प्लास्टिकचा स्टोरेज बॉक्स घ्या, मीटरभर लांब आणि अर्धा मीटर रुंद मिळाला तर उत्तम, झाकणाचा मोठा भाग कापून तिथे तारेची जाळी बसवा. आत निदान आठ-दहा इंच बेडिंग, म्हणजे खाली अंथरायचा थर, कागदाचं किंवा वास नसलेल्या टिश्यूचे तुकडे चालतील, पण सॉमिलमधला धुळीचा भुसा नको, पाइन-सीडरच्या लाकडाचा वासाचा भुसा नको आणि तो कापसासारखा फुललेला गादीचा प्रकार तर अजिबात नको, त्याचे धागे पायाला गुंडाळतात आणि पोटात गेले तर अडकतात. चाक सीरियनला 28 सेंटीमीटरच्या आसपास हवं आणि सलग पृष्ठभागाचं, पळताना त्याची पाठ वाकली तर चाक लहान आहे. लपायला एखादी मातीची छोटी कुंडी आडवी पुरून टाका, उन्हाळ्यात ती गार पण राहते. एका डब्यात बारीक कोरडी वाळू द्या, त्यात तो लोळून स्वतःला स्वच्छ करतो. पावडरसारखी धूळ उडणारी वाळू नको, श्वासाला त्रास होतो. आणि कृपा करून त्याला पाण्याने आंघोळ घालू नका. अंगावरचं तेल जातं, थंडी भरते, आणि तुमच्यावरचा जो काही विश्वास बसला असेल तो त्या एका आंघोळीत वाहून जातो. पिंजरा पण दर आठवड्याला पूर्ण धुवून लख्ख करायचा नाही, ओला झालेला कोपरा तेवढा काढायचा, बाकी जुनं बेडिंग ठेवायचं. त्याचा स्वतःचा वास गेला की त्याच्या दृष्टीने तो पुन्हा परक्या घरात आला.

आता प्रत्यक्ष काम. तुमचं झालं ते झालं, पण आता घड्याळ शून्यावर आणा. चार-पाच दिवस हात आत घालायचाच नाही, फक्त खाणं-पाणी, ते पण संध्याकाळी ठरलेल्या वेळी. खाणं ठेवताना काहीतरी बोलायचं, रोज तेच वाक्य, त्याच आवाजात. मुलीला हे काम द्या, तिने शेजारी बसून धडा वाचला तरी चालेल. आवाज हळू, टीव्हीपासून पिंजरा लांब, आपल्याला ऐकू येत नाहीत असे उंच स्वरातले आवाज पण त्याला ऐकू येतात, त्यामुळे चार्जर आणि पंख्याचे रेग्युलेटर शेजारी नसलेले बरे. याच दिवसात मुलीच्या उशीच्या अभ्र्यात रात्रभर साधा टिश्यू ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी तो पिंजऱ्यात टाकायचा. तो ओढून घरट्यात नेतो, फाडून अंथरतो आणि तिच्या वासात झोपतो. निम्मं काम तिथेच होतं.

मग हात. हात घालण्याआधी साध्या, वास नसलेल्या साबणाने धुवायचे. हे मी मुद्दाम सांगतोय कारण शेव-चिवडा खाऊन किंवा काकडी चिरून तसाच हात पुढे केला की तो बोट खायचं समजून चाखून बघतो. हे चाखणं आणि चावणं यातला फरक ओळखा. चाखणं म्हणजे हळूच दाताने टोचून बघतो आणि सोडतो, चावणं म्हणजे झडप घालतो आणि कधीकधी लटकून राहतो. चाखलं तर हात झटकायचा नाही, स्थिर ठेवायचा, हळूच मागे घ्यायचा. झटकला तर त्याला कळतं की चावलं की हा राक्षस पळतो, मग दर वेळी तेच करणार. तोंडावर फुंकर मारायची, टिचकी मारायची, ओरडायचं, असलं काही नको.

तळहात वर करून बेडिंगवर सपाट ठेवा, घराच्या दारात नाही तर लांब, तो बाहेर फिरत असताना, आणि त्यावर सूर्यफुलाची एक बी. बस. काहीच करायचं नाही, मोबाईल बघा, हात जिथे आहे तिथे. पहिल्यांदा येतो तेव्हा नीट बघण्यासारखं असतं, मागचे दोन पाय बेडिंगमधेच रोवलेले, पुढचे दोन बोटाच्या टोकावर, अंग लांबच लांब ताणलेलं, मिशा थरथरत असतात, मग बी उचलतो, गालाच्या पिशवीत सरकवतो आणि उलटा फिरून धूम. म्हणजे मनात अजून पळायचीच तयारी आहे. दुसऱ्या दिवशी बी जरा आत, तळहाताच्या मध्यावर, मग मनगटाकडे. असं करत करत एक दिवस चारही पाय हातावर येतात. पण तो चढला म्हणून उचलायचं नाही! इथेच सगळे घाई करतात. थांबायचं ते अशासाठी की एक दिवस तो बी गालात न भरता तुमच्या हातावरच बसून सोलून खाईल आणि टरफलं तुमच्या तळव्यावर टाकेल. हॅमस्टर जिथे धोका वाटतो तिथे खात नाही, फक्त भरून नेतो. हातावर बसून खाल्लं की पुढच्या पायरीला हरकत नाही. कोणाचा आठवड्यात येतो, कोणाचा दोन महिन्यांनी, यावर शेजारच्याशी स्पर्धा नको.

सूर्यफुलाच्या बिया फक्त यासाठीच ठेवा, एरवीच्या ताटात नको, म्हणजे त्यांची किंमत राहते, शिवाय चरबी फार असते. भोपळ्याची बी, बाजरीचं छोटं कणीस, काकडीचा तुकडा, हे पण चालतं. संत्रं-लिंबू, कांदा, लसूण, चॉकलेट, तळलेलं-खारट काही नाही. पारलेचं बिस्किट देणारे पण भेटतात, गोड नकोच.

उचलण्याआधी एक मधली पायरी असते ती माझ्या सगळ्यात आवडीची, चहाच्या मगची. मोठा चहाचा मग किंवा कागदाची नळी आडवी त्याच्यासमोर ठेवायची, आत एखादी बी टाकायची, तो स्वतःच आत शिरतो, त्यानंतर तळाशी आणि तोंडाशी हात लावून तो मग उचलायचा आणि बाहेर मोकळ्या जागी आडवा ठेवायचा. हाताने पकडलंच नाही त्यामुळे घाबरायचं कारणच नाही. पिंजऱ्यात हात घातला की अंगावर येणारे पण बाहेर एकदम गरीब असणारे हॅमस्टर असतात, माद्या तर बऱ्याचदा, त्यांना मी कायम मगनेच काढतो आणि त्यात काही कमीपणा नाही.

मोकळी जागा कुठली? परदेशातले लोक कोरड्या बाथटबमधे बसतात, आपल्याकडे तो कुठला. बाथरूमची फरशी वापरणार असाल तर पूर्ण कोरडी हवी, फिनेलचा वास नको, आणि मोरीच्या जाळीवर काहीतरी जड ठेवा, ती फट त्याला पुरते. त्यापेक्षा फ्रिज-वॉशिंग मशीनच्या मोठ्या खोक्याचे पुठ्ठे उभे करून चिकटपट्टीने रिंगण करा, आत जुनी चादर, दोन-तीन नळ्या, एक खोका, आणि तुम्ही स्वतः आत मांडी घालून बसा. तुम्ही फर्निचर. तो तुमच्या पायावरून जाईल, कुर्त्यात शिरेल, बाहीतून डोकं काढेल. इथे माणसाळणं पिंजऱ्यापेक्षा लवकर होतं कारण इथे घर वाचवायचं नसतं आणि पळून जायला जागा असते. वीसेक मिनिटं पुरे. पंखा बंद, मांजर-कुत्रा दुसऱ्या खोलीत.

आता उचलणं. बसूनच, मुलीने तर बसूनच, जमिनीवर किंवा मांडीवर उशी घेऊन. दोन्ही हात बाजूंनी, खालून, ओंजळ करून, वरून कधीच नाही. मानेची कातडी धरून उचलायची पद्धत व्हेटच्या, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांच्या, टेबलावरची आहे, घरची नाही. सुरुवातीला इंचभर उचलायचं, दोन क्षण थांबून परत खाली. तो चालायला लागला तर एका हातासमोर दुसरा हात, परत पहिला, असा जिना करत राहायचं, आवळून धरायचं नाही. तो धडपडायला लागण्याआधी खाली सोडायचं, म्हणजे शेवट त्याच्या मनासारखा होतो आणि उद्या पुन्हा येतो.

त्याचं बोलणं अंगावर दिसतं. कान मागे चिकटलेले म्हणजे आत्ताच उठलाय, थांबा. एक पंजा उचलून पुतळा झालाय म्हणजे काहीतरी ऐकतोय. सपाट होऊन जमिनीला चिकटून सरकतोय तर घाबरलाय. दात कटकट वाजवतोय, पाठीवर पडून किंचाळतोय तर हात काढा, आजचं संपलं. मोठी जांभई देऊन आळस दिला, तुमच्यासमोर सावकाश तोंड धुतलं, तर मजेत आहे.

हवामानाचं पण बघा. तीस अंशाच्या वर गेलं की त्याला उष्माघाताची भीती असते. मे महिन्यात अचानक हातात गप्प पडून राहायला लागला तर तो माणसाळलेला नसतो, तापलेला असतो. गार फरशीचा तुकडा, कापडात गुंडाळलेली बर्फाची बाटली पिंजऱ्यात एका बाजूला, कूलरचा झोत अंगावर नको. दिवाळीच्या आठवड्यात नवीन काही शिकवू नका, पिंजरा सगळ्यात आतल्या खोलीत, बेडिंग जास्त, आणि फटाके थांबेपर्यंत हात नाही.

दोन गोष्टी मात्र आजच तपासा. शेपटीखाली ओलं, घाण वास, पातळ संडास, वाकून बसलाय, खात नाहीये, तर हा वेट टेल, म्हणजे हॅमस्टरचा जुलाबाचा गंभीर आजार, असू शकतो, दुकानातून नुकत्याच आलेल्या लहान हॅमस्टरना घर बदलल्याच्या ताणाने होतो आणि दोन दिवसात जीव जाऊ शकतो, त्यामुळे त्याच दिवशी छोट्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या व्हेटकडे. दुसरं, तो तो आहे का ती? दुकानात नर-माद्या बिनदिक्कत एकत्र ठेवतात, आणि गाभण मादी साधारण सोळा-अठरा दिवसात विते. तुम्हाला दहाच दिवस झालेत. पोट दोन्ही बाजूंनी फुगलंय, बेडिंग ओढून ओढून मोठं घरटं चाललंय, एकदम रागीट झालीये, असं असेल तर माणसाळवणं सगळं बाजूला ठेवा, खाणं-पाणी सोडून दोन आठवडे तिकडे बघू पण नका, त्रास झाला तर ती पिल्लं मारते. आणि पुढेमागे चांगला माणसाळलेला हॅमस्टर एकाएकी चावायला लागला तर आधी दुखणं शोधा, वाढलेले दात, गालात अडकलेलं काही, गळू. दात पिवळे असतात ते मात्र नॉर्मल.

मुलीचं एक स्पष्ट सांगतो. तिची झोपायची वेळ आणि त्याची उठायची वेळ जवळपास एकच असते, याला इलाज नाही. ठरलेल्या वेळी, समजा साडेआठला खाणं दिलं तर बरेचसे त्या सुमाराला स्वतःहून उठायला लागतात, पण उठवायचं नाही. शनिवार-रविवार रात्री तिला जरा जागू द्या, रोजचं हाताचं काम तुम्ही करा. नऊ वर्षांच्या मुलीने एकटीने सांभाळायचा हा प्राणी नाही, मोठ्या माणसाचाच आहे, ती मदतनीस. आणि तो प्लास्टिकचा गोल चेंडू, ज्यात घालून घरभर सोडतात, तो घेतला असेल तर टाकून द्या, त्यात त्याला ना दिसतं ना वास येतो, भिंतींवर आपटत जातो.

ड्वार्फ म्हणजे बुटका हॅमस्टर, किंवा त्यातलाच सगळ्यात छोटा रोबो असता तर माझं उत्तर वेगळं असतं, रोबो इतके चपळ असतात की हातात घेण्यापेक्षा बघण्याचाच प्राणी समजायचा. तुमचा सीरियन आहे, त्यामुळे आशा ठेवा. पण काही सीरियन पण हातावर बसून खातात आणि उचललेलं त्यांना शेवटपर्यंत आवडत नाही. तसं निघालं तर मगने काढा, रिंगणात खेळा, उचलण्याचा हट्ट सोडा.

जोडीदाराचं राहिलं. अजिबात आणू नका. दुकानात एका पेटीत दहा दिसतात कारण ती पिल्लं असतात, पाच-सहा आठवड्यांच्या पुढे सीरियन हॅमस्टर एकमेकांना सहन करत नाहीत, भावंडं असली तरी, आणि भांडण बहुतेक वेळा रात्री होतं, सकाळी एकच जिवंत सापडतो. तेवढ्या पैशात मोठं चाक आणा.